एका पेशीच्या जाडीची सीमा

माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. त्याच्या आतल्या वळ्या, त्या वळ्यांवर उभे असलेले बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे आणि त्या उंचवट्यांवरील पेशींची केसांसारखी टोके हे सारे सपाट करून पसरले, तर आतड्याचा आतला पृष्ठभाग सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे शहरातल्या एखाद्या लहान घराच्या फरशीएवढा भरतो. आतड्याची पोकळी पोटात असली तरी खऱ्या अर्थाने ती शरीराच्या बाहेरची जागा आहे, कारण तोंडावाटे आलेले अन्न, पाणी, जीवाणू आणि कृमींची अंडी त्या पोकळीतून वाहत जातात आणि त्यांपैकी जे अस्तरातून पार होते तेवढेच खऱ्या अर्थाने शरीराच्या आत येते. बाहेरचे जग आणि रक्त यांच्यामधली ही सीमा केवळ एका पेशीच्या जाडीची आहे. या एकेरी थराला अभिस्तर म्हणतात, आणि जंत व माणूस यांच्यातला हजारो वर्षांचा झगडा प्रामुख्याने याच थरावर चालत आला आहे.

अभिस्तर ही एखादी जड, मुकी भिंत असावी असे चित्र बराच काळ रूढ होते. आतड्यातील जंत आयते अन्न खातो, आतडे ते निमूटपणे सोसते आणि संरक्षणाचे काम रक्तातील पांढऱ्या पेशी करतात, असे साधारणपणे मानले जाई. गेल्या दोन दशकांतील संशोधनाने हे चित्र पार बदलून टाकले आहे. अस्तरातील पेशी स्वतः कृमीची चाहूल घेतात, स्वतःच इशारा देतात, आपली संख्या आणि जात बदलतात, आणि कृमीला मारण्याऐवजी तेथून हुसकावून लावतात. कृमीही स्वस्थ बसत नाही. तो अशी रसायने स्रवतो की ज्यांमुळे अस्तराला आपण काही केलेच पाहिजे असे वाटू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मातीतून पसरणाऱ्या कृमींची लागण जगातील सुमारे दीड अब्ज लोकांना आहे, आणि या आकड्यामागे अस्तरावरची हीच ओढाताण उभी आहे.

ती समजण्यासाठी अस्तराची रचना थोडी जवळून पाहावी लागते. बोटांसारख्या उंचवट्यांना रसांकुर म्हणतात आणि दोन रसांकुरांच्या मधे खोल खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूलपेशी, म्हणजे सतत विभाजन पावून नव्या पेशी जन्माला घालणाऱ्या पेशी असतात. नव्या पेशी हळूहळू वर सरकत रसांकुराच्या टोकापर्यंत जातात आणि तेथून गळून पडतात. हा सारा प्रवास अवघ्या ३ ते ५ दिवसांचा असल्यामुळे आतड्याचे अस्तर सतत नवे होत राहते. वर सरकणाऱ्या पेशींत बहुसंख्य पेशी अन्नरस शोषणाऱ्या असतात, काही चषकाच्या आकाराच्या पेशी श्लेष्म म्हणजे बुळबुळीत चिकट द्रव स्रवतात, आणि अगदी थोड्या, निरोगी आतड्यात शंभरात एखादीही नसेल इतक्या विरळ, अशा पेशी असतात की ज्यांच्या टोकाला ताठ तंतूंचा एक झुबका असतो. संशोधक त्यांना टफ्ट पेशी म्हणतात. मराठीत त्यांना झुबकेदार पेशी म्हणता येईल. त्या १९५६ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या होत्या, पण त्यांचे काम काय याचा उलगडा व्हायला पुढची साठ वर्षे जावी लागली.

सगळे कृमी या अस्तराशी सारख्याच पद्धतीने वागत नाहीत, आणि त्यांच्या वागण्यातला फरक महत्त्वाचा आहे. ज्याला मराठीत नुसते जंत म्हटले जाते तो मोठा गोलकृमी १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असतो आणि तो अस्तराला कोठेच चिकटत नाही. आतड्याच्या स्नायूंच्या लाटा अन्नाला खाली ढकलत असताना तो आपल्या अंगाच्या बळावर त्या लाटांविरुद्ध तग धरून राहतो, आणि त्याची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. अंकुशकृमी लांबीला जेमतेम एक सेंटिमीटर असला तरी तो अस्तराचा एक तुकडा तोंडात ओढून घेऊन घट्ट धरतो. चाबूककृमी मात्र या दोघांहून निराळा आहे, कारण तो अस्तरावर राहत नाही, तर अस्तरातच राहतो.

चाबकाच्या मुठीसारखा जाड मागचा भाग आणि दोरीसारखा लांब, बारीक पुढचा भाग यांमुळे या कृमीला हे नाव मिळाले आहे. तो ३ ते ५ सेंटिमीटर लांब असतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागात, म्हणजे उंडुकात, वस्ती करतो. अन्नाबरोबर पोटात गेलेले त्याचे अंडे जेथे जीवाणूंची गर्दी असते तेथेच फुटते. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांच्या चाबूककृमीवर काम करून दाखवले की जीवाणूंचा स्पर्श हीच त्या अंड्याला फुटण्याची खूण असते. बाहेर पडलेली अळी काही तासांतच खळग्याच्या तळाशी असलेल्या पेशींत शिरते. जसजशी ती वाढते तसतशा तिच्या भोवतालच्या पेशींच्या भिंती विरघळून एकमेकींत मिसळतात आणि कृमीच्या बारीक अंगाभोवती सलग बोगदा तयार होतो. त्याचे मागचे जाड टोक पोकळीत मोकळे असते, कारण अंडी बाहेर टाकणे आणि नराशी संग करणे यांसाठी त्याला ते मोकळे लागते. पण तोंडाकडचा भाग आयुष्यभर पोशिंद्याच्या जिवंत पेशींच्या आत पुरलेला राहतो. ज्या प्राण्याच्या शरीरावर परजीवी जगतो त्याला पोशिंदा म्हणतात, आणि येथे तो शब्द अक्षरशः लागू पडतो.

अंकुशकृमीचे वर्तन याहून क्रूर आहे. मिलान येथील वैद्य आंजेलो दुबिनी यांनी १८३८ मध्ये तो मृतदेहाच्या आतड्यात प्रथम पाहिला. आल्प्स पर्वतातील सेंट गॉथर्ड रेल्वे बोगद्याच्या कामावरील मजूर १८८० मध्ये पांढरेफटक होऊन गळून जाऊ लागले, तेव्हा एदोआर्दो पेरोंचितो यांनी त्यांच्या रक्तक्षयाचे कारण हाच कृमी असल्याचे दाखवले. अंकुशकृमीच्या एका जातीच्या तोंडात दात असतात आणि दुसरीच्या तोंडात धारदार पट्ट्या असतात. त्यांनी अस्तर फाडल्यावर तो जखमेत असे पदार्थ सोडतो की ज्यांमुळे रक्त गोठण्याची साखळी मधेच तुटते. यामुळे त्याच्या पोटात रक्त जात राहतेच, शिवाय तो जागा बदलून दुसरीकडे गेल्यावरही जुनी जखम काही काळ झिरपत राहते. पट्ट्यांचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर आणि दातांचा एक कृमी सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त वाया घालवतो. हे आकडे नगण्य वाटतात, पण दर मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते आणि निरोगी माणूस अन्नातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषू शकतो. पोटात पट्ट्यांचे १०० कृमी असलेल्या माणसाचे रोज ३ मिलिलिटर रक्त, म्हणजे दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह आतड्यात सांडते. त्यातले काही पुन्हा शोषले जाते हे खरे असले, तरी ज्या घरी ताटात लोह आधीच अपुरे आहे, जी बाई गरोदर आहे किंवा जे मूल वाढीला लागले आहे, त्यांच्या शरीराचा लोहाचा हिशेब जुळेनासा होतो.

अशा पाहुण्याची चाहूल अस्तराला लागते कशी, हा प्रश्न २०१६ पर्यंत अनुत्तरित होता. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को, फ्रान्समधील माँपेलिए आणि हार्वर्ड येथील तीन गटांनी स्वतंत्रपणे, आणि जवळजवळ एकाच वेळी, उत्तर शोधले. ते उत्तर आजवर दुर्लक्षित राहिलेल्या झुबकेदार पेशींत दडलेले होते. जिभेवरच्या चवीच्या पेशींत जी रासायनिक यंत्रणा असते तिचे बरेच भाग या पेशींतही असतात. त्यामुळे आतडे कृमीची चव घेते असे म्हटले तर ते नुसते आलंकारिक विधान ठरत नाही. उंदरांतील काही एकपेशीय परजीवींनी सोडलेले सक्सिनेट हे आम्ल या पेशी ओळखतात, असे २०१८ मध्ये दिसून आले. पण सक्सिनेट ओळखणारे ग्राही प्रथिन काढून टाकलेले उंदीरही कृमींना हाकलू शकतात. म्हणजे कृमी ओळखण्याचा मार्ग याहून निराळा असला पाहिजे, आणि कडू चव ओळखणारी काही ग्राही प्रथिने त्यात सहभागी असल्याचे पुरावे पुढे आले आहेत.

खूण पटली की झुबकेदार पेशी इंटरल्यूकिन-२५ नावाचा निरोप सोडते. पेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडलेल्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात आणि हे त्यांपैकीच एक आहे. अस्तराच्या लगेच खाली बसलेल्या एका प्रकारच्या लसिकापेशी हा निरोप ऐकतात. या लसिकापेशींची ओळख २०१० च्या सुमारास पटली. एखाद्या विशिष्ट शत्रूची आठवण तयार होण्याची वाट न पाहता त्या लगेच कामाला लागतात, म्हणून त्यांना उपजत लसिकापेशी म्हणतात. त्या उलट इंटरल्यूकिन-१३ हा निरोप अस्तराकडे धाडतात आणि तो थेट खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशींपर्यंत पोहोचतो. मूलपेशींचे काम आता बदलते. नव्याने जन्मणाऱ्या पेशींत चषक पेशी आणि झुबकेदार पेशी अधिक निघू लागतात. झुबकेदार पेशी वाढल्या की इशारा आणखी मोठा होतो, इशारा मोठा झाला की त्या पेशी आणखी वाढतात, आणि शंभरात एखादीही नसलेली ही पेशी काही दिवसांतच कित्येक पटींनी वाढलेली दिसते. कृमीशी लढण्यासाठी शरीर बाहेरून सैन्य आणवते एवढ्यावर हे थांबत नाही. आतडे स्वतःलाच नव्या घडणीत घडवते, आणि ते दर ३ ते ५ दिवसांनी नवे होत असल्यामुळेच त्याला ते जमते.

आता चषक पेशींचे काम सुरू होते. श्लेष्माचा थर जाड होतो, त्याचे घटक बदलतात, अस्तरातून पाणी पोकळीत सुटते आणि आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावू लागतात. मँचेस्टर येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की एरवी आतड्यात न आढळणारे, श्वसनमार्ग आणि जठर यांत असणारे एक श्लेष्मप्रथिन कृमी हाकलण्याच्या वेळी उंडुकातील चषक पेशी बनवू लागतात, आणि ते बनवता न येणारे उंदीर प्रतिकारशक्तीच्या इतर साऱ्या खुणा असूनही चाबूककृमीला बाहेर काढू शकत नाहीत. पेशींत पुरलेल्या या कृमीविरुद्ध आणखी एक उपाय चालतो आणि तो विलक्षण आहे. अस्तरातील पेशींची वर सरकण्याची गती वाढते. मँचेस्टरच्याच गटाने २००५ मध्ये याला सरकत्या जिन्याची उपमा दिली. कृमीने ज्या पेशी पोखरून घर केले आहे त्या पेशीच इतक्या वेगाने वर सरकून गळू लागतात की कृमी घरासकट पोकळीत येऊन पडतो. ज्या जातीचे उंदीर कृमी काढू शकत नव्हते त्यांच्यात या जिन्याला संथ करणारा एक निरोप सापडला. तो अडवला तेव्हा जिना पुन्हा वेगाने फिरू लागला आणि कृमी बाहेर पडले.

या साऱ्यात कृमी मरतो असे नाही, त्याला राहण्याजोगी जागा उरत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि उपचारात अपकर्षण म्हणजे ओढून काढणे, प्रकृतिविघात म्हणजे कृमींना मानवणारी परिस्थिती मोडणे आणि निदानपरिवर्जन म्हणजे कारणे टाळणे, असा क्रम दिला आहे. त्या काळच्या कारणमीमांसेचा आजच्या पेशीविज्ञानाशी मेळ घालण्याचे कारण नाही, तरी प्रकृतिविघात हा शब्द आतड्याच्या अस्तराच्या या कामाला इतका नेमका बसतो की त्याहून चांगला शब्द सुचणे कठीण आहे.

कृमीचे उत्तरही तितकेच सूक्ष्म आहे. प्रयोगशाळांत उंदरांच्या एका आतडीकृमीचा याबाबतीत फार बारकाईने अभ्यास झाला आहे. या कृमीची अळी आतड्याच्या भिंतीत शिरून सुमारे आठवडाभर तेथे राहते आणि पूर्ण वाढ झाल्यावर पोकळीत येऊन रसांकुरांभोवती वेटोळे घालते. जखमी अस्तरातून इंटरल्यूकिन-३३ नावाची धोक्याची सूचना बाहेर पडते. या कृमीचे एक प्रथिन ती सूचना मृत पेशीच्या केंद्रकातच अडकवून ठेवते, असे २०१७ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी ग्लासगो येथील रिक मेझल्स यांच्या गटाने आणखी विस्मयकारक प्रथिन शोधले. प्रतिकारयंत्रणेला शांत करण्यासाठी आपले शरीर एक नैसर्गिक निरोप वापरते, आणि हे कृमिप्रथिन त्या निरोपाच्या ग्राहींना बरोबर जाऊन चिकटते, मात्र त्याची घडण मूळ निरोपाशी जराही जुळत नाही. नात्याने सर्वस्वी वेगळ्या प्रथिनकुळातून घडत घडत ते त्या कुलपाला लागणारी किल्ली बनले आहे. चाबूककृमीही मागे नाही. तो सर्वांत जास्त प्रमाणात स्रवणारे प्रथिन नेमके इंटरल्यूकिन-१३ ला पकडते, म्हणजे मूलपेशींकडे निघालेला निरोप वाटेतच अडतो.

सॅन फ्रान्सिस्को येथे २०१८ मध्ये झालेले एक निरीक्षण या सर्वांहून खोल जाणारे आहे. भिंतीत अळी शिरलेल्या जागेच्या वर जे खळगे होते, त्यांतील मूलपेशींनी प्रौढपणाच्या खुणा टाकून दिल्या होत्या आणि गर्भावस्थेतील आतड्यात ज्या खुणा असतात त्या धारण केल्या होत्या. ही दुरुस्तीची घाई असू शकते, कारण जखम भरण्यासाठी वेगाने वाढणाऱ्या पेशी शरीराला हव्याच असतात. पण पुढे दुसऱ्या प्रयोगात कृमीचे केवळ स्राव घेऊन ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या सूक्ष्म आतड्यांवर टाकले, तेव्हाही पेशी गर्भावस्थेकडे झुकल्या आणि झुबकेदार व चषक पेशींची वाढ खुंटली. मूलपेशींपासून पात्रात अशी सूक्ष्म आतडी वाढवण्याची पद्धत २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये विकसित झाली होती, आणि तिच्यामुळेच स्वतः कृमी हजर नसताना त्याच्या स्रावांचा परिणाम तपासता आला. यावरून दिसते ते असे की मूलपेशींच्या भवितव्यावर दोघेही हक्क सांगत असतात; पोशिंदा त्यांना चषक पेशींकडे ढकलतो आणि कृमी त्यांना त्या वाटेवरून परत फिरवतो.

उंदरांना एकाच वेळी पुष्कळ अंडी दिली तर बहुतेक उंदीर चाबूककृमीला हाकलतात, पण थोडीच अंडी दिली तर तेच उंदीर त्याला बरेच महिने पोसत राहतात, कारण थोड्या लागणीत प्रतिकाराची दिशाच वेगळी लागते. माणसाला लागण होते ती अशीच थोडी थोडी, हाताला लागलेल्या मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, अनवाणी पायातून. लागण अशी पुन्हा पुन्हा होत राहिली की प्रतिकार सावकाश उभा राहतो, आणि कदाचित म्हणूनच गोलकृमी व चाबूककृमी यांचा भार शाळकरी वयात सर्वाधिक असून पुढे उतरतो. अंकुशकृमीचा भार मात्र मोठ्या वयातही वाढत जातो. शिवाय हा भार सर्वांवर सारखा वाटलेला नसतो. एका वस्तीत बहुतेकांच्या पोटात थोडेच कृमी असतात आणि मोजक्या काहींच्या पोटात फार. ज्या मुलाच्या उंडुकात चाबूककृमींची दाटी होते त्याला रक्ताचे जुलाब होतात, त्याची वाढ खुंटते, आणि कुंथून कुंथून गुदाशय बाहेर येण्याची वेळ येऊ शकते.

या संशोधनातून कृमी शरीराला शांत ठेवतात एवढाच भाग उचलून, आतड्याच्या दाहावर कृमीच औषध म्हणून द्यावेत, अशी आशा काही काळ प्रबळ होती. अमेरिकेत जोएल वाइनस्टॉक यांच्या गटाने क्रोन या विकाराच्या थोड्या रुग्णांना डुकरांच्या चाबूककृमीची अंडी दिली, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. पण मोठ्या चाचण्यांत तो लाभ टिकला नाही. यापुढचा शहाणपणाचा मार्ग अख्खा कृमी गिळण्याचा नसून त्याचे एकेक प्रथिन वेगळे करून तपासण्याचा दिसतो, आणि त्याच दिशेने आता काम चालू आहे.

भारतात २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. हे औषध कृमीच्या पेशींतील सूक्ष्म नळ्यांच्या प्रथिनाला चिकटून त्यांची बांधणी मोडते, त्यामुळे कृमीला साखर घेता येईनाशी होते. गोलकृमीवर एकच मात्रा उत्तम चालते, अंकुशकृमीवरही बऱ्यापैकी, पण पेशींच्या बोगद्यात राहणाऱ्या चाबूककृमीवर एका मात्रेचा परिणाम फारच तोकडा आहे. कृमी गेल्यावर अस्तर हळूहळू पूर्वस्थितीवर येते. झुबकेदार पेशी पुन्हा विरळ होतात, श्लेष्माचा थर ओसरतो, सरकता जिना आपल्या नेहमीच्या गतीने चालू लागतो. शौचालय नसलेल्या परसात, ओल्या सावलीच्या मातीत मात्र गोलकृमीची अंडी वर्षानुवर्षे जिवंत राहतात, आणि औषध घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच मातीत खेळायला जाते.